लिफ्टवाल्या काकांचा पास

मित्रांनो, मी एक जुना पास आहे. परीक्षेतला पास नव्हे. तसा असतो तर एकदाच कामाला आलो असतो आणि पुढे चौकटीत सुखाने टांगला गेलो असतो. मी फुटबॉलच्या मैदानाचा हंगामी पास आहे. तळहाताएवढा, प्लॅस्टिकचा, एका कोपऱ्याला तडा गेलेला. माझ्या अंगावर एका मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो आहे. अंगठ्याने पुसून पुसून ती मिशी आता फोटोतही पांढरी झाली आहे. सध्या माझा मुक्काम फाटकाजवळच्या खोलीतल्या एका खणात असतो. खणात माझ्यासारखेच आणखी काही रद्द झालेले पास आहेत. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. ज्याच्या त्याच्या अंगावर त्याचा त्याचा माणूस असतो आणि त्याच्यापुढे बोलायचे काय, असा प्रश्न असतो.

माझा जन्म क्लबच्या कार्यालयातल्या एका यंत्रात झाला. यंत्रातून बाहेर पडलो तेव्हा मी कोमट होतो. फोटोतल्या गृहस्थांनी मला दोन्ही हातांनी घेतले. ते लिफ्ट दुरुस्त करणारे कारागीर होते. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. माझ्यासाठी त्यांनी प्रतीक्षायादीत इतकी वर्षे काढली होती की नाव लिहिले तेव्हा त्यांची मिशी काळी होती. "लिफ्टमध्ये वर नेण्याला काही अक्कल लागत नाही," असे ते म्हणत, "खाली सुखरूप आणायला लागते." ही कारागिरांची म्हण आहे असे मी तेव्हा समजत होतो. तत्त्वज्ञान आहे हे नंतर कळले.

घरी दाराच्या बाजूला त्यांनी माझ्यासाठी खिळा ठोकला. सामन्याच्या दिवशी खिळ्यावरून निघायचे, दोरीने त्यांच्या गळ्यात पडायचे, फाटकाशी जाऊन काळ्या काचेला टेकायचे, की हिरवा दिवा लागे आणि लोखंडी दांडा फिरे. पुढे काकांचे वय झाले. ज्येष्ठांचा पास स्वस्त असतो, आणि तरण्या माणसाने तो वापरू नये म्हणून त्याला हिरव्याऐवजी पिवळा दिवा लागतो. पहिल्यांदा पिवळा लागला त्या दिवशी फाटकवाला मोठ्याने हसला.

"काका, पिवळे पडलात की!"

"पिकलोय रे. पडायला वेळ आहे."

काकांच्या शेजारच्या खुर्चीत चष्म्याच्या दुकानाची मालकीण बसे. तिला सगळी रांग चष्मेवाली म्हणे. पंचाने चुकीचा निर्णय दिला की ती उभी राहून ओरडायची, "या माझ्या दुकानात! डोळे फुकट तपासते!" सामना संपला की दोघे आपापल्या वाटेने जात. त्यांनी एकमेकांच्या घरची चौकशी कधी केली नाही. फुटबॉल सोडून दुसऱ्या विषयावर ती बोलल्याचे मी ऐकले नाही. अशी मैत्री फार टिकते.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. घरी आलो की काका मला रुमालाने पुसत आणि खिळ्यावर टांगत. त्यांची एक मुलगी होती. तिला मी रोज पाहत असे. तीही जाता-येता माझ्याकडे पाही. त्या पाहण्याचा अर्थ लावण्याची गरज मला कधी वाटली नाही. ज्याला जपले जाते त्याला सहसा वाटत नाही.

मग काकांच्या छातीने असहकार पुकारला. दोन पावले टाकली की दम लागू लागला. पलंगाशेजारी श्वासाचे यंत्र आले. ते रात्रंदिवस घरघरे, आणि त्याची नळी निघाली तर बघायला कोणीतरी घरात लागे. त्याच सुमारास त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. काका पाचव्या मजल्यावर राहत. घरमालकाने लिफ्टच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावली आणि पाटी हीच दुरुस्ती मानून तो स्वस्थ बसला. काका पलंगावरून निरोप धाडत की तळघरातली अमुक पेटी उघडा, तमुक पट्टा बदला, अर्ध्या दिवसाचे काम आहे. घरमालक म्हणे, काकांच्या परवान्याची मुदत संपली आहे. नियमाबाहेर जाता येत नाही. जो माणूस आयुष्यभर शहराला वर-खाली नेत आला तो स्वतः वरच अडकला. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने केली त्याने ही इमारत पाहिली असावी.

चष्मेवालीला हे कळले तेव्हा तिने पहिल्यांदाच काकांचा फोन नंबर मागवून घेतला. दर सामन्याच्या मध्यंतरात ती त्यांना फोन लावी आणि तो डोक्यावर उंच धरी. मैदानाचा गलबला ऐकत काका डोळे मिटून पडून राहत. मग ते विचारत, "माझ्या खुर्चीत कोणी बसत नाही ना?" ती सांगे, "कोण बसतंय? माझा कोट ठेवलाय." त्या दिवसांत ते खरेही होते.

आता क्लबविषयी सांगतो. क्लब आपल्या सभासदांना 'आपले कुटुंब' म्हणतो. एके दिवशी या कुटुंबाने ठरवले की जी खुर्ची सारखी रिकामी राहील तिचा पास रद्द होईल. आजारी माणसाचे ताट उचलून घेणारे कुटुंब मी दुसरे पाहिले नाही; निदान ते जाहीर करणारे तरी नाही. अशा काढून घेतलेल्या खुर्च्या पाहुण्यांच्या खास तिकिटात जात. त्या तिकिटाबरोबर टोपी मिळे, खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली दाखवत, आणि एका खेळाडूच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्याशेजारी उभे करून फोटो काढत. ज्याला जिवंत खेळाडू ओळखता येत नाही त्याला पुठ्ठ्याचा पुरतो, असा त्यामागचा विचार असावा.

ही बातमी मुलीने वाचली आणि काकांपासून लपवली. ती घरी बसून पडदे शिवत असे. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर परदेशी पाहुण्यांसाठी भाड्याच्या खोल्या होत्या. त्यांच्या चादरी बदलणे, किल्ल्या देणे हेही तीच पाही, म्हणजे वडिलांपासून पाच मजल्यांपेक्षा लांब जावे लागत नसे. पाहुण्यांना सामना पाहायचा असे, आणि मला फाटकातून आत जाऊन खुर्ची जिवंत ठेवायची होती. तिने दोन गरजांना टाका घातला. एक वयस्कर पाहुणा शोधायचा, मला त्याच्या गळ्यात घालायचे आणि सांगायचे, "फोटोवर अंगठा ठेवा. दिवा पिवळा लागेल. घाबरू नका, तो तुमच्या वयाचाच आहे." ती पैसे घेत नसे असे मी म्हणणार नाही. घेताना ती खाली पाही, एवढे म्हणतो.

काकांना सांगितले होते की दोरी तुटली म्हणून पास कपाटात ठेवला आहे. चष्मेवालीला सारे माहीत होते. दर मध्यंतरात ती काकांना कोटाची गोष्ट सांगे आणि शेजारी कधी कोणी निवृत्त न्यायाधीश, कधी विणकाम करणारी आजी बसलेली असे. आणि मी? मी काचेला टेकत होतो. दिवा लागत होता. गळा कोणाचा, हे विचारण्याची शक्ती मला दिलेली नाही. पण पिवळा दिवा लागला की मला माझ्याच अंगावरच्या फोटोकडे पाहवत नसे.

अशात एक जावई आणि त्याच्या सासूबाई तळमजल्यावर राहायला आल्या. जावई कंपनीच्या प्रशिक्षणासाठी आला होता. बायको रजा मिळाल्यावर मागून येणार होती. तोवर हवापालट म्हणून तिने आईला पुढे धाडले होते. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आयुष्यभर त्यांनी मुलांना खरे बोलायला शिकवले होते आणि ती सवय अजून सुटली नव्हती.

जावई फुटबॉलवर जीव टाकणारा होता. या मैदानावर एक सामना पाहणे हे त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न. पण परक्या देशात तिकीट काढणे म्हणजे आंधळी कोशिंबीर. क्लबच्या संकेतस्थळाला त्याच देशातला फोन नंबर हवा होता. पाहुण्यांची खास तिकिटे कधीच संपली होती. खिडकीवरच्या माणसाने विचारले, "सभासद आहात?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग व्हा. यादीत नाव लिहा, नंबर तुमच्या नातवाच्या वेळी लागेल." शेवटी मैदानाबाहेर एका कुजबुजणाऱ्या माणसाने कोटाच्या आतून एक तिकीट काढून दिले, आणि जावई ते छातीशी धरून घरी आला.

"जावईबापू, खरं आहे ना हे तिकीट?" जिन्याशी उभ्या सासूबाईंनी विचारले.

"खरंच आहे, आई," जावई पहिल्या पायरीवर मटकन बसत म्हणाला. "फक्त गेल्या वर्षीचं आहे."

मुलगी चादरींचा गठ्ठा घेऊन जात होती. ती थांबली. मी तिच्या कामाच्या पिशवीत होतो.

"एक पास आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाही चालायचा."

"का? मी काय वाटेल ते करीन!"

"वय वाढवता येईल?"

मग दोघांनी एकदमच सासूबाईंकडे पाहिले.

"मी?" सासूबाई मागे सरल्या. "अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बावीस माणसं एका चेंडूमागे का पळतात इथून सुरुवात आहे."

जावयाच्या चेहऱ्यावर जे आले ते मी वर्णन करणार नाही. पण तो भला माणूस होता. "जा आई," तो म्हणाला. "दोघांनी बाहेर उभं राहण्यापेक्षा एकानं तरी बघावं. मी भिंतीशी उभा राहून ऐकेन."

अशा रीतीने जावई बाहेर आणि सासू आत, असा उलटा मानपान त्या दिवशी झाला. फाटकाशी सासूबाईंनी अंगठा काकांच्या मिशीवर घट्ट दाबून धरला होता. पिवळा दिवा लागला. फाटकवाल्याने दिवा पाहिला, पांढरे केस पाहिले आणि "या आजी" म्हणून दांडा फिरू दिला. त्यालाही माहीत नव्हते असे नाही. ती दोरी तो ओळखत होता. पण ज्याला नोकरी करायची आहे तो दिव्याकडे पाहतो.

सासूबाई काकांच्या खुर्चीत अगदी कडेवर बसल्या, परक्याच्या घरी बसावे तशा. पहिला अर्धा वेळ त्यांनी सामना पाहिलाच नाही. एवढ्या आनंदाच्या ठिकाणी आपण आलो आणि जावई बाहेर भिंतीला कान लावून उभा, हेच त्यांच्या मनात चालले होते. मध्यंतर झाले. चष्मेवालीने फोन लावला, उंच धरला, मग कानाशी घेतला.

"ऐकलंत? आज घसा बसला आमचा... नाही हो, कोण बसतंय? माझा कोट ठेवलाय."

सासूबाईंनी आजूबाजूला पाहिले. कोट चष्मेवालीच्या अंगात होता.

"कुणाशी बोलताय?" त्यांनी हळूच विचारले.

चष्मेवालीने फोनवर हात ठेवला. "फोटोतल्या माणसाशी. गप्प बसा. आजारी आहेत. खुर्ची रिकामी आहे असं वाटतं त्यांना, त्याच आशेवर आहेत."

मित्रांनो, इथे दुसरे कोणी असते तर गप्प बसले असते. पण सासूबाईंनी हात पुढे केला, आणि मुख्याध्यापिकेने हात पुढे केला की माणूस हातातली वस्तू देतो.

"नमस्कार, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या ज्या कोटाबद्दल सांगताहेत ना, तो कोट म्हणजे मी."

पलीकडून नुसती यंत्राची घरघर आली. मग काकांचा आवाज.

"तुम्ही कोण?"

"पाहुणी. तुमच्या खाली, तळमजल्यावर उतरलेय."

"पास कोणी दिला?"

आता मात्र सासूबाई बोलेनात. खरे सांगताना आपण कोणाकोणाला उघडे पाडतो आहोत हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. स्वतःचे मन हलके करण्यासाठी सांगितलेल्या सत्याचे ओझे बहुधा दुसऱ्याला उचलावे लागते. ही गोष्ट शाळेत शिकवत नाहीत. शिकवली तर शाळा चालणार नाही.

"समजलं," काका म्हणाले आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या अर्ध्यात दोन गोल झाले. चष्मेवाली एकदाही उभी राहिली नाही.

सासूबाई परत आल्या त्या तळमजल्यावर थांबल्या नाहीत. जावई सामन्याविषयी विचारत मागे येत होता, त्याला त्यांनी खोलीत जायला सांगितले आणि कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर टेकत, त्या पाचव्या मजल्यावर पोहोचल्या. दार मुलीने उघडले. तिचे डोळे सुजले होते. काका पलंगावर उशाला टेकून बसले होते.

"बसा," ते सासूबाईंना म्हणाले. मग मुलीकडे वळले. "किती लोक बसवलेस माझ्या खुर्चीत?"

"बसवावे लागले, बाबा. रिकामी राहिली असती तर काढून घेतली असती. नवा नियम आहे."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही नळी काढून जिना उतरायला निघाला असता."

काकांनी नाकाशी नळी सारखी केली. तिचे म्हणणे खरे होते.

"चूक माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी तोंड उघडायला नको होतं. रागवायचं तर मला रागवा, भाऊ."

"तुम्हाला कशाला? तुम्ही पाहुण्या." काकांनी दम घेतला. "पण एक कळत नाही. जगातली माणसं बसवलीस. तू का नाही गेलीस? शेजारचं कोणी बसलं असतं माझ्यापाशी दोन तास."

"पिवळ्या दिव्याला मी कशी जाणार?"

"पिवळा आत्ता आत्ता लागायला लागला. आधी हिरवा होता, तेव्हाही एखादा सामना तू मागितला नाहीस."

मुलीने शिवणयंत्रावरचा पडदा उचलला, घडी केली, घडी मोडली.

"आधी मला विचारलंत कधी?"

"तुला आवडत नाही ना फुटबॉल."

"कोण म्हणालं? लहानपणी रडले होते मी, मला न्या म्हणून. तुम्ही म्हणालात, तिथे शिव्या देतात, पोरींनी ऐकायच्या नसतात. मग मी परत कधी रडले नाही. तुम्हाला वाटलं, आवडत नाही."

काकांनी उशीवरची मान वळवून तिच्याकडे पाहिले.

"शिव्या देतात हे खरं आहे," सासूबाई कोणाकडेच न पाहता म्हणाल्या. "आज मी दोन नव्या शिकले."

कोणी हसले नाही. पण मुलीने उठून त्यांना पाणी दिले. काका माझ्याकडे पाहत होते. आयुष्यात त्यांनी मला कितीतरी वेळा पाहिले असेल, पण असे नव्हे. मी सासूबाईंच्या गळ्यात होतो आणि तिथून मला जागा बदलायची सोय नव्हती.

"पुढच्या सामन्याला तू जा," काका शेवटी मुलीला म्हणाले. "या ताई बसतील माझ्यापाशी. बसाल ना?"

"बसेन."

"आणि दिवा?" मुलीने विचारले.

"लागू दे पिवळा. फाटकवाला मला ओळखतो. सरळ सांग, मी त्यांची मुलगी. अंगठा-बिंगठा ठेवू नकोस फोटोवर. आपल्याच खुर्चीत बसायला चोरासारखं का जायचं?"

मित्रांनो, प्रामाणिक माणसे जी चूक करतात ती हीच. त्यांना वाटते, नियम करणारा नियम कशासाठी केला हे विसरला असेल, आठवण करून दिली की ओशाळेल.

सामन्याच्या दिवशी मुलीने धुतलेला कुर्ता घातला. फाटकाशी तिने मला काचेला टेकवले. पिवळा दिवा लागला. फाटकवाल्याने मान वर केली आणि तिचे काळे केस पाहून त्याचा चेहरा पडला. त्याच्या मागेच त्या दिवशी क्लबचा तपासनीस उभा होता. पाहुण्यांच्या तक्रारी आल्या होत्या म्हणे, की काही खुर्च्यांवर भलतीच माणसे बसतात.

"पास कोणाचा?" तपासनिसाने विचारले.

"बाबांचा."

"ते कुठे आहेत?"

"घरी. आजारी आहेत. आणि आमची लिफ्ट बंद आहे."

"मग हा पास तुम्हाला वापरता येत नाही. इतके दिवस कोण वापरत होतं?"

मी मुलीच्या छातीवर होतो. आत काय चालले होते ते मला ऐकू येत होते. एखादा मावसभाऊ, एखादे काका निर्माण करायला तिला कितीसा वेळ लागला असता? ती म्हणाली, "मीच पाठवत होते. पाहुण्यांना."

तपासनिसाने मान डोलावली, मला काढून घेण्याची खूण केली आणि तो पुढच्या फाटकाकडे गेला. तो रागावला नाही, ओरडला नाही. क्लबचे सगळे लोक शिष्टाचाराचे असतात. फाटकवाल्याने माझी दोरी तिच्या गळ्यातून काढली तेव्हा त्याचे हात दोरीत अडकत होते.

"ताई," तो पुटपुटला, "खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं हो. आजवर मी सगळ्यांना सोडलं. आणि अडवलं कुणाला, तर तुम्हाला."

मागे रांग होती. सासऱ्याला घेऊन आलेला कोणी, मुलांना खांद्यावर घेतलेला कोणी. मुलगी रांगेतून बाजूला झाली आणि चालू लागली. तिला घरी जाऊन पाच मजले चढायचे होते आणि वर दोन माणसे तिची वाट पाहत होती.

मी खणात पडलो. खणात पडून मी बराच विचार केला आहे. दुसरे काही करण्यासारखे नसते. फाटकवाला खण उघडतो तेव्हा मला वर ठेवत नाही, खाली सरकवतो. चष्मेवाली दोनदा येऊन चौकशी करून गेली. तिला वाटते, तिने फोन दिला नसता तर काही झाले नसते. तीच सांगत होती की सासूबाई तोंडाला कुलूप लावून रोज पाच मजले चढतात. जावयाला वाटते, हट्ट आपला होता. मुलीला काय वाटते ते तिचे तिला ठाऊक. अपराधीपणा हा मोठा विचित्र पाहुणा आहे. जिथे त्याला उतरायला हवे त्या संगमरवरी कार्यालयाच्या पायऱ्या तो चढत नाही. जिथे लिफ्ट बंद आहे तिथे मात्र धापा टाकत जातो आणि प्रत्येकाच्या घरी राहतो.

एका सकाळी, सामना नसताना, फाटकाशी तिचा आवाज आला.

"पास परत मागायला नाही आले," ती म्हणत होती. "बाबा विचारतात म्हणून आले. त्यांच्या खुर्चीवरून मला काय दिसतं, ते सांग म्हणतात. मी म्हटलं, मी कुठे बसलेय?"

फाटकवाल्याने इकडेतिकडे पाहिले. मग त्याने खण उघडला आणि मला काढून तिच्या हातात दिले.

"आत गवत कापताहेत. लवकर या."

तिने मला काचेला टेकवले. आता मी रद्द झालेला होतो. कोणताच दिवा लागला नाही. फाटकवाल्याने लोखंडी दांडा हाताने ढकलला.

रिकामे मैदान मीही प्रथमच पाहत होतो. तिने रांगा शोधल्या, खुर्ची शोधली. खुर्चीच्या पाठीवर पाहुण्यांच्या खास तिकिटाची नवी चकचकीत पट्टी चिकटवली होती. तिने ती वाचली आणि ती खुर्चीत नीट टेकून बसली. मग फोन लावला. तो सासूबाईंनी उचलला आणि काही न विचारता काकांना दिला.

"बाबा, बसलेय मी."

"सामना आहे?"

"नाही. गवत कापताहेत."

"कसं दिसतंय?"

ती पाहत राहिली. "कापड अंथरलंय मोठं. एक पट्टा उजळ, एक गडद. आणि बाबा, एवढं मोठं कापड, पण शिवण कुठेच दिसत नाही."

काका हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबायला वेळ लागला.

"यंत्र जाताना गवत एकीकडे वाकवतं, येताना दुसरीकडे," ते म्हणाले. "म्हणून पट्टे. इतकी वर्षं बघितले मी. कापड नाही दिसलं कधी."

मैदानावरचे यंत्र पलीकडच्या टोकाला जाऊन वळले.

"तुला आधी आणायला हवं होतं," काका म्हणाले.

अशा वेळी मुली 'असू द्या हो बाबा' म्हणतात. म्हणायची रीत आहे. त्याने म्हाताऱ्या माणसाला बरे वाटते. मी तिच्या तळहातात होतो आणि तो हात घट्ट मिटलेला होता.

"हो बाबा," ती म्हणाली. "आणायला हवं होतं."

फोन तिने ठेवला नाही, त्यांनीही नाही. गवत कापून होईपर्यंत दोघे तसेच गप्प होते. मग तिने मला फाटकवाल्याला परत दिले.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' असे सांगायचे असते. माझी ती तक्रार नाही. मला पुसले, टांगले, दोन्ही हातांनी धरले. एका प्लॅस्टिकच्या तुकड्याची याहून जास्त काळजी कोण घेणार? म्हणून मी माझ्यासाठी काही मागत नाही. तुमच्या घरी एखादी जपलेली वस्तू असेल, तुमच्या हक्काची एखादी जागा असेल, तर ती जपताना जरा मान वळवून पाहा, शेजारी कोण गप्प उभे आहे. गप्प आहे म्हणजे त्याला नको आहे असे समजू नका. त्याला विचारा. विचारायला पास लागत नाही.